ग्रुपमधलं रॅगिंग : वसतिगृह नसलेल्या शहरांचा प्रश्न

ठाण्याच्या चेंदणी बंदर रस्त्यावर विद्या प्रसारक मंडळाचं आवार आहे. जोशी-बेडेकर आणि बांदोडकर ही कॉलेजं तिथलीच. ऑगस्ट २०२३च्या सुरुवातीला या आवारातली एक चित्रफीत राज्यभर मोबाइलवर फिरली. पावसाचं साचलेलं पाणी, त्यात डोकं टेकवून ओळीने ओणवी ठेवलेली एनसीसीची मुलं आणि मागून दांडक्याने मारणारा एक जण. मारणारा शिक्षक असावा असं आधी लोकांना वाटलं. तो निघाला सीनियर कॅडेट, म्हणजे त्यांच्यासारखाच विद्यार्थी. कॉलेजने कारवाई जाहीर केली, चौकशी समिती नेमली. असल्या शिक्षेला आमच्या प्रशिक्षणात जागा नाही, असं एनसीसीकडून सांगण्यात आलं. आठवडाभरातच कोलकात्याहून बातमी आली : जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या बाल्कनीतून पडून पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मरण पावला होता. देशाची नजर तिकडे वळली आणि ते साहजिकच होतं.

पण ठाण्याची घटना मला जास्त विचारात पाडते. जादवपूरसारख्या घटनांसाठी आपल्याकडे चौकट तयार आहे : वसतिगृह, रात्र, खोलीवर बोलावणारे सीनियर, घरापासून लांब आलेलं एकटं पोर. कायदे, समित्या, हेल्पलाइन हे सगळं त्या चित्रावरून बेतलेलं आहे. ठाण्यातली मुलं मात्र दिवसाउजेडी, कॉलेजच्या आवारात, स्वतःच्या मर्जीने नाव नोंदवलेल्या एका पथकात मार खात होती आणि परेड संपल्यावर घरी जेवायला जाणार होती.

ठाणे ते कल्याण-डोंबिवली हा पट्टा मुळात दिवसाच्या कॉलेजांचा. ठाण्यातली ज्ञानसाधना आणि बांदोडकर, डोंबिवलीतली पेंढरकर, मॉडेल आणि प्रगती, कल्याणची बिर्ला आणि अग्रवाल, शिवाय मुंबई विद्यापीठाची ठाणे आणि कल्याण उपकेंद्रं, इथे शिकणारी बहुसंख्य मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात. काहींचं घर टिटवाळ्याला, काहींचं बदलापूरला, काहींचं कसाऱ्याच्या किंवा कर्जतच्या बाजूला. कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोजक्या ठिकाणी वसतिगृहाचं जग आहे. बाकी सारं लोकलच्या वेळापत्रकावर. त्यामुळे ‘आमच्याकडे रॅगिंग नाही’ असं इथले प्राचार्य म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. ते वसतिगृहात शोधत असतात आणि वसतिगृहच नसतं.

इथली मुलं जिथे खरोखर एकत्र राहतात, तासन्‌तास, कधी रात्री उशिरापर्यंत, ती जागा म्हणजे ग्रुप. एनसीसी, एनएसएसचं शिबिर, एकांकिकेची टीम, फेस्टचा कंटिंजंट, खेळाचा संघ. वर्गात ऐंशी जणांत हरवलेल्या मुलाला पहिल्यांदा कोणी नावाने हाक मारतं ते इथे. म्हणून ग्रुप सोडणं हे वर्ग बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड.

आता कायदा. तमिळनाडूत १९९६मध्ये एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा सीनियरने खून केला, त्यानंतर १९९७मध्ये तिथे रॅगिंगबंदीचा कायदा आला. महाराष्ट्राने आपला कायदा १९९९मध्ये केला. तो छोटा आहे आणि वाचणाऱ्याला चकित करील इतका रुंद आहे. शारीरिक इजा तर सोडाच, विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा ओशाळलेपण वाटेल असं बेशिस्त वर्तन, चिडवणं, शिवीगाळ, थट्टा, आणि एरवी जे तो राजीखुशीने करणार नाही ते करायला सांगणं, हे सगळं त्यात बसतं. संस्थेच्या आत आणि बाहेरही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरला तर संस्थेतून काढायचं आणि पाच वर्षं दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. त्याने हे केलं नाही तर तो स्वतः गुन्ह्याला साथ देणारा मानला जातो. तक्रार करण्याचा हक्क ज्याला त्रास झाला त्याच्यापुरता नाही. कोणताही विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक ती करू शकतो. ठाण्यात ज्याने कोणी तो प्रसंग मोबाइलवर टिपला, त्याला कागदावर चार ओळी लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवण्याचा अधिकार २४ वर्षांपासून होता. त्याला हे माहीत असण्याचं काही कारण मात्र नव्हतं. आपण मुलांकडून प्रतिज्ञापत्र घेतो, त्यांना कायदा वाचून दाखवत नाही.

प्रतिज्ञापत्र आलं ते पुढच्या टप्प्यात. मार्च २००९मध्ये हिमाचलच्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा सीनियरांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयापुढे तोवर रॅगिंगवरच्या आर. के. राघवन समितीचा अहवाल आलेला होताच. त्यानंतर जून २००९मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, नियम निघाले. समिती, पथक, हेल्पलाइन (१८००-१८०-५५२२), विद्यार्थी आणि पालक दोघांची हमी. प्रवेशाच्या दिवसांत सायबर कॅफेवाला फी भरताभरताच ही हमी भरून देतो, मुलाच्या ईमेलवर एक क्रमांक येतो आणि काम संपतं. जून २०२५मध्ये या हमीपत्रांची पूर्तता न केल्याबद्दल आयोगाने ८९ संस्थांना नोटिसा काढल्या, त्यांत आयआयटी आणि आयआयएमही होत्या. म्हणजे सोळा वर्षांनीही देखरेख चालू आहे ती कागद भरला की नाही याची.

खुद्द नियम मात्र त्यांच्या अंमलापेक्षा पुष्कळ शहाणे आहेत. ते फक्त पहिल्या वर्षाच्या मुलाचं नाव घेत नाहीत, ‘किंवा इतर कोणताही विद्यार्थी’ असंही म्हणतात. जागेची व्याख्या आवारापुरती नाही; विद्यार्थ्यांच्या प्रवासाची सार्वजनिक आणि खासगी वाहनंही तीत आहेत. म्हणजे सकाळच्या कल्याण लोकलमध्ये ज्युनियरला सगळ्यांची दप्तरं सांभाळत दारात उभं करणं हेही त्यात येतं. दुसऱ्याचं शैक्षणिक काम ज्युनियरकडून करून घेणं, त्याच्यावर खर्चाचा बोजा टाकणं, त्याच्या तासांत अडथळा आणणं, हे सारं रॅगिंगच. शिक्षांच्या यादीत संस्थेचं प्रतिनिधित्व करण्यास, अगदी युवा महोत्सवात भाग घेण्यासही, बंदी घालण्याची तरतूद आहे. जुलै २०२५मध्ये आयोगाने ज्युनियरांना छळणाऱ्या अनौपचारिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही लक्ष ठेवायला संस्थांना सांगितलं. हे वाचताना वाटतं की लिहिणाऱ्याला एकांकिकेची टीम आणि फेस्टचा कंटिंजंट नेमका ठाऊक आहे. समितीच्या बैठकीत तो कोणाला आठवत नाही, एवढंच.

आकडेसुद्धा हीच गोष्ट सांगतात. ‘सोसायटी अगेन्स्ट व्हायोलन्स इन एज्युकेशन’ या संस्थेने २०२२ ते २०२४ या काळाचा अहवाल काढला, त्यात राष्ट्रीय हेल्पलाइनवरच्या ३,१५६ तक्रारी आणि रॅगिंगशी जोडलेले ५१ मृत्यू आहेत. देशातल्या विद्यार्थ्यांत वैद्यकीयचे विद्यार्थी १.१ टक्का, तक्रारींत त्यांचा वाटा ३८.६ टक्के. वैद्यकीय महाविद्यालयांतली स्थिती भयंकर आहे याबद्दल दुमत नाही. पण या आकड्यांचा दुसरा अर्थही लावायला हवा : यंत्रणा जिथे बघते तिथलं तिला दिसतं. ज्याला आपण रॅगिंग सहन करतोय असं वाटतच नाही, तो हेल्पलाइनला फोन कशाला करील?

एनसीसीपासून सुरुवात करू, कारण तिथे हे सगळ्यांत उघडपणे चालतं आणि त्याला सगळ्यांत सभ्य नाव आहे. कॅडेट, कॉर्पोरल, सार्जंट, मग अंडर ऑफिसर आणि वर सीनियर अंडर ऑफिसर अशी उतरंड विद्यार्थ्यांचीच असते. तिच्यावर कॉलेजचा एक प्राध्यापक, ज्याला एएनओ म्हणतात, आणि बटालियनकडून येणारे फौजी प्रशिक्षक, म्हणजे पीआय स्टाफ. कागदावर कवायत या मोठ्यांच्या देखरेखीखाली होते. प्रत्यक्षात एएनओला साडेसातचं लेक्चर असतं, पीआय स्टाफ आठवड्यातून ठरावीक वेळा येतो आणि मधल्या काळात ग्राउंड सीनियरांच्या ताब्यात असतं. उशीर झाला, बूट चमकले नाहीत, ‘कदम’ चुकला की रगडा. फ्रंट रोल, मुर्गा, पुश-अप. ‘आम्हीही खाल्लाय’ हे त्याचं एकमेव समर्थन, आणि ते देणारा मनापासून देत असतो.

मुलं सहन का करतात याचं अर्धं उत्तर घरच्या परिस्थितीत आहे. ‘बी’ आणि ‘सी’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. ‘सी’ सर्टिफिकेट असलं की सैन्यातल्या अधिकारी भरतीत लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीचा, म्हणजे निवड मुलाखतीचा, रस्ता उघडतो. मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्या, पोलीस नाहीतर सैन्यभरतीवर डोळा असलेल्या मुलाला हा कागद म्हणजे नोकरीचा पहिला जामीन. हजेरीचं रजिस्टर सीनियरच्या हातात असेल, तर तो दांडकं न उचलताही पुरेसा ताकदवान असतो. एनएसएसमध्येही तेच, थोड्या मवाळ रूपात. दोन वर्षांत २४० तासांचं काम, दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर आणि शेवटी दहा वाढीव गुण. एरवी घरी झोपणारी मुलं वर्षातून एकदा सात रात्री एकत्र काढतात ती याच शिबिरात.

एनसीसीबाबत आणखी एक अडचण आहे ती मालकीची. पथक कॉलेजचं, पण प्रशिक्षण संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतलं. काही बिनसलं की प्राचार्य बटालियनकडे बोट दाखवू शकतात आणि बटालियन म्हणू शकते की तो तुमचा विद्यार्थी. १९९९चा कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे : जबाबदारी संस्थाप्रमुखाची. खाकी गणवेश घातल्याने मुलगा कॉलेजचा विद्यार्थी असायचा थांबत नाही.

आणि हो, उशिराबद्दल. मध्य रेल्वेवर राहणाऱ्या कोणालाही हसू येईल असा हा गुन्हा आहे. रविवारी मेगाब्लॉक, पावसाळ्यात कळव्याच्या पुढे गाडी उभी, कसाऱ्याची एक लोकल चुकली की पुढची बऱ्याच वेळाने. सहाच्या परेडला आसनगावहून येणारी मुलगी आणि पाचपाखाडीत राहणारा मुलगा यांना एकाच घड्याळाने मोजून शिक्षा देणं हा शिस्तीचा भाग कसा होतो, हे मला आजवर कोणी नीट समजावून सांगू शकलेलं नाही.

एकांकिकेचा ग्रुप दिसायला एनसीसीच्या अगदी उलट. तिथे गणवेश नाही, हुद्दे नाहीत, सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. पण उतरंड असतेच. पहिल्या वर्षी बॅकस्टेज : सेट उचलायचा, प्रॉपर्टी सांभाळायची, चहा आणायचा, दादा-ताईंच्या झेरॉक्स काढायच्या. यात वाईट काही नाही. मराठी रंगभूमीवरचे कितीतरी लोक असेच शिकले. आयएनटी, सवाई, लोकांकिका या स्पर्धा आणि विद्यापीठाचा युवा महोत्सव यांच्या तयारीत पडद्यामागे राबलेल्या मुलाला नाटक कळतं, हे खरंच आहे. घसरण सुरू होते ती तालीम संपल्यावर. रात्री साडेअकराला ‘आज सगळ्यांनी थांबायचं’ असं फर्मान, त्यात नव्या मुलांना गोल करून उभं करणं, ‘एक्सरसाइज’ म्हणून एखादीला तिचा सगळ्यांत लाजिरवाणा प्रसंग सांगायला लावणं, न सांगितल्यास ‘तू मोकळी होत नाहीस, तुला अ‍ॅक्टिंग जमणार नाही’ असा शेरा. शेवटच्या गाडीने अंबरनाथला जाणारी मुलगी ही अभिनयाची पायरी समजून हसते, आणि पुढच्या वर्षी स्वतः गोलाच्या मध्ये बसून दुसरीला विचारते.

याच ग्रुपात बोलीचा प्रश्न येतो. ठाणे जिल्हा आगरी, कोळी, कुणबी, वारली बोलींचा. तालमीत मात्र मराठी नौपाड्याची. भिवंडी-मुरबाडकडच्या मुलाच्या उच्चारावर हसणं, त्याला नेमाने नोकराची किंवा दारुड्याची भूमिका देणं, त्याच्या एका वाक्याची आठवडाभर नक्कल करणं, हे कोणालाच छळ वाटत नाही, कारण हसताना तोही हसत असतो. यूजीसीने २०१६मध्ये नियमांत दुरुस्ती करून जात, वंश, वर्ण, भाषिक ओळख, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण, आर्थिक पार्श्वभूमी यांवरून होणारा छळ रॅगिंगमध्ये आणला तो उगाच नाही. मे २०१९मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या. तीन सीनियर डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचे आरोप ठेवून खटला दाखल झाला. तिथलं वातावरण वॉर्डचं होतं, तालमीचं नव्हे, आणि दोन्हींची तीव्रता एका मापाने मोजता येणार नाही. तरी ‘ही कुठून आली’ हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच फिरतो.

फेस्टच्या कंटिंजंटबद्दल थोडक्यात : तिथे छळ पैशाचा आणि वेळेचा असतो. टी-शर्टचे पैसे, प्रायोजक आणण्याचं टार्गेट, ते न झाल्यास सगळ्यांसमोर पाणउतारा, बुडवलेली लेक्चरं. ढोल-ताशा पथकं तर कॉलेजची नसतात. पण डोंबिवलीची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९मध्ये सुरू झाल्यापासून फडके रोडवर वाजवणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, आणि दोन-दोन महिन्यांच्या सरावातली शिस्त लावणारेही कॉलेजचेच सीनियर असू शकतात. ते कॉलेजच्या समितीच्या नजरेत येण्याची शक्यता शून्याच्या जवळ.

मुलं याला छळ म्हणत का नाहीत? मानसशास्त्रात याचं एक जुनं उत्तर आहे. एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी १९५९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका चर्चागटात सामील व्हायला आलेल्या विद्यार्थिनींपैकी काहींना आधी फार ओशाळवाणी परीक्षा द्यायला लावली, काहींना सौम्य, काहींना कोणतीच नाही. मग सगळ्यांना गटाची एक मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. सगळ्यांत जास्त लाजवल्या गेलेल्या मुलींना ती चर्चा सगळ्यांत आवडली. इतकं सोसून जे मिळवलं ते टाकाऊ आहे असं मानणं मनाला परवडत नाही. सीनियरांना हे पुस्तकातून कळलेलं नसतं, पण अनुभवाने पक्कं ठाऊक असतं. ‘रगडा खाल्ल्याशिवाय बॉण्डिंग होत नाही’ हे त्यांचं म्हणणं म्हणूनच सरसकट खोटं ठरवता येत नाही. बॉण्डिंग होतंच. प्रश्न असा की ते कशाशी होतं : कामाशी की मारणाऱ्याशी.

अमेरिकेत हा विषय पहिल्यापासून संघटनांचाच मानला जातो, कारण तिकडे फ्रॅटर्निटी नावाच्या विद्यार्थी संघटना आहेत. २००८मध्ये मेन विद्यापीठातल्या एलिझाबेथ अ‍ॅलन आणि मेरी मॅडन यांनी ५३ संस्थांमधल्या ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण मांडलं. क्लब, संघ, संघटनांत असलेल्यांपैकी ५५ टक्के विद्यार्थ्यांना छळात मोडणारे अनुभव आले होते. आणि ज्यांना ते आले त्यांच्यातल्या दहांपैकी नऊ जणांना आपला छळ झाला असं वाटत नव्हतं. हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रश्न फक्त फ्रॅटर्निटींचाही नाही. नोव्हेंबर २०११मध्ये फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या नामांकित बँडमधला रॉबर्ट चॅम्पियन हा ड्रम मेजर आपल्याच साथीदारांनी बसमध्ये केलेल्या मारहाणीनंतर मेला. वाद्यं, संचलन, कडक सराव, बाहेरगावचा दौरा : आपल्या पथकांना यातलं काय अनोळखी आहे? तो बँड २०१३पर्यंत बंद ठेवण्यात आला. डिसेंबर २०२४मध्ये तिकडे केंद्रीय कायदा झाला, त्यानुसार संस्थांना छळाच्या घटनांची आकडेवारी द्यावी लागते आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावं, काय घडलं आणि काय कारवाई झाली हे जाहीर करावं लागतं. कॉर्नेल विद्यापीठ हे आधीपासूनच आपल्या संकेतस्थळावर करत होतं. नव्या विद्यार्थ्याला संघटनेत जाण्याआधी तिचा इतिहास वाचता येतो.

आपल्याकडे एकट्या विद्यार्थ्याला शिक्षा करण्याची तरतूद आहे, संस्थेला दंड करण्याची आहे. मधल्या ग्रुपचं नाव मात्र कुठेच नोंदलं जात नाही. दोषी सापडला नाही तर सामूहिक शिक्षा करावी असं यूजीसी म्हणते, पण तो उपाय वापरला की सोसणारी मुलंही त्यात भरडली जातात आणि पुढच्या वर्षी कोणी तोंड उघडत नाही. म्हणून मला वाटतं, ठाणे-कल्याणसारख्या ठिकाणी प्रतिबंधाचं काम प्रवेशाच्या टेबलावरून उचलून ग्रुपच्या दारात न्यायला हवं. त्याला मोठा खर्च नाही, पण कोणाच्या तरी सवयी मोडाव्या लागतील.

पहिली सवय म्हणजे सीनियरच्या हातातला शिक्षेचा अधिकार. आज्ञा देणं वेगळं, शिक्षा करणं वेगळं. सीनियर अंडर ऑफिसरने परेड चालवावी, ‘सावधान-विश्राम’ म्हणावं, कॅडेट उशिरा आला तर वहीत वेळ लिहावी, पुढचं एएनओने बघावं. यावर उत्तर येतं की फौजेत असं चालत नाही. चालत नसेलही, पण हे फौजेचं नव्हे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचं ग्राउंड आहे, आणि बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला कोणत्याही कायद्याने फटके मारण्याचा अधिकार दिलेला नाही. एएनओ किंवा पीआय स्टाफ हजर नसेल त्या दिवशी कवायत नको, हवं तर नकाशावाचन घ्या. यासाठी एएनओच्या तासिका कमी कराव्या लागतील, आणि खरा अडथळा तिथेच आहे : कॉलेज एनसीसीचं नाव माहितीपत्रकात छापतं, वेळापत्रकात तिला जागा देत नाही.

दुसरं, हजेरीचं रजिस्टर आणि भूमिकांचं वाटप विद्यार्थ्याच्या एकट्याच्या हाती ठेवू नये. ज्याच्याकडे सर्टिफिकेटची किल्ली, त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याचं काही बुडत नाही हे एकदा जरी दिसलं, तरी निम्मा धाक गळून पडतो.

तिसरं मला सगळ्यांत उपयोगी वाटतं आणि ते कोणी करत नाही : गळती मोजणं. जुलैत किती जणांनी नाव दिलं आणि डिसेंबरात किती उरले, हे प्रत्येक ग्रुपचं लिहून ठेवावं. गळती असतेच, अभ्यास, नोकरी, घरचा विरोध, अशी साधी कारणं असतात. पण एका ग्रुपात दरवर्षी मुलीच अर्ध्यावर गळत असतील, किंवा टिटवाळ्यापलीकडची मुलं दुसऱ्या महिन्यात दिसेनाशी होत असतील, तर चित्रफितीची वाट पाहायची गरज नाही. सोडून गेलेल्याला ग्रुपबाहेरच्या एखाद्या शिक्षिकेने फोन करावा. आत असलेला बोलत नाही, बाहेर पडलेला बोलतो. यूजीसीच्या नियमांप्रमाणे रॅगिंगविरोधी समितीत पोलीस, स्थानिक पत्रकार, पालक, नवे आणि जुने विद्यार्थी, शिक्षकेतर कर्मचारी अशी सगळी मंडळी असायला हवीत. नवे विद्यार्थी म्हणून बहुधा वर्गप्रतिनिधी घेतात. त्याऐवजी ग्रुप सोडलेला एखादा घ्यावा. आणि शिक्षकेतर म्हणून कार्यालयातला कारकून नको. सहाला गेट उघडणारा आणि रात्री हॉलला कुलूप लावणारा वॉचमन घ्या. काय चाललंय हे त्याला आधीपासून ठाऊक असतं, फक्त त्याला कोणी विचारलेलं नसतं.

चौथं, तालमीची वेळ शेवटच्या सोयीच्या गाडीशी बांधावी. युवा महोत्सव चालवणाऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाला एवढं परिपत्रक काढणं कठीण नाही. तोच विभाग ज्या ग्रुपवर कारवाई झाली त्याची वर्षनिहाय यादीही ठेवू शकतो, व्यक्तींची नावं न देता. अठरा वर्षांच्या मुलाची चूक आयुष्यभर इंटरनेटवर राहू नये. ग्रुपची राहायला हरकत नाही, कारण ग्रुप मुलांपेक्षा जास्त जगतो.

काम तेवढंच कठीण ठेवावं की नाही, हा प्रश्नही मला विचारला जातो. ठेवावं. एकत्र दमण्याने माणसं जवळ येतात हे खरं आहे. मात्र दमायचं असेल तर सगळ्यांनी दमावं. सीनियरांसकट दहा किलोमीटर धावा, शिबिरात बंधारा बांधा, सेट दादाने आणि नव्या मुलाने मिळून उचलावा. ज्या श्रमात अर्धे लोक उभे राहून बघतात, तिथून पुढे काय होतं ते ठाणेकरांनी पाहिलेलं आहे.

राहता राहिले माजी विद्यार्थी, आणि यांचा प्रश्न मला अजून नीट सुटलेला वाटत नाही. एकांकिकेचा दिग्दर्शक अनेकदा चार वर्षांपूर्वी पासआउट झालेला असतो. एनसीसीच्या ग्राउंडवरही जुने सीनियर ‘मुलांना बघायला’ येतात. ग्रुपात त्यांचा शब्द शेवटचा. कॉलेजच्या हातात त्यांच्याविरुद्ध काही नसतं : निलंबन नाही, निकाल रोखणं नाही, महोत्सवातून बंदी नाही. काही कॉलेजं बाहेरच्या दिग्दर्शकाला मानधन देऊन लेखी करार करतात, तो एक मार्ग आहे. त्यात तालमीची वेळ आणि एका शिक्षकाची उपस्थिती घालता येते. पण फुकट येणाऱ्या, प्रेमाने येणाऱ्या दादाशी करार कोण करणार? त्याला गेटवर अडवलं तर ग्रुप तालीम कोणाच्या तरी सोसायटीच्या गच्चीवर नेतो, आणि मग तिथे वॉचमनही नसतो. त्याला आवारात येऊ द्यावं, पण नोंद करून, शिक्षकाच्या वेळेत आणि नव्या मुलांना आधीच हे सांगून, की १९९९च्या कायद्यातलं शिक्षेचं कलम प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष रॅगिंग करणाऱ्या कोणालाही लागू होतं. तो आज कॉलेजच्या पटावर असलाच पाहिजे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.